यमू 'मी' म्हणून बोलली होती

गेले काही दिवस सांगलीत मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: एकोणिसाव्या शतकातली मराठी बाई घरात सुखी होती, 'मी कोण' हा प्रश्न तिच्या तोंडी इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस' नाटकातली, घर सोडून जाणारी नोरा वाचलेल्यांनी घातला, आणि त्या काळी बायकांविषयी लिहिलं ते फक्त पुरुषांनी. मला यातलं काहीच पटत नाही.

आधी उसनवारीचं. नोरा रंगभूमीवर आली १८७९ मध्ये. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', विधवांच्या हालांवरची कादंबरी, १८५७ चं. पदमनजी ख्रिस्ती झाले होते, पुस्तकात धर्मप्रसार आहे, हे खरं. पण तिच्या नायिकेला, यमुनेला, प्रवासात भेटणाऱ्या विधवा इथल्याच आहेत.

सुखाचं म्हणाल तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' उघडा. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आलेली ही कादंबरी तिची नायिका यमू स्वतः 'मी' म्हणून सांगते. मुंबईच्या बिऱ्हाडात नवऱ्याच्या सोबतीनं मोकळा श्वास घेणारी यमू आणि तो गेल्यावर जिचं बळजबरीनं केशवपन होतं ती यमू, एकच. सुख तिला ठाऊक होतं. ते सगळं एका माणसाच्या असण्यावर उभं होतं, हे तिला फार उशिरा कळतं, आणि ते वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं. कादंबरीत वाढवून लिहितात असं कुणी म्हणेल, तर रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) आहेत. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची ही लेक. नवरा शिकवतो म्हणून घरातल्या बायकांनीच तिला कसं छळलं, ते तिनं लिहून ठेवलंय.

राहिला पुरुषांच्या लेखणीचा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे. हरिपूरच्या देवलांच्या 'संगीत शारदा'त (१८९९) म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न मोडतं ते वर-वधू सगोत्र निघतात म्हणून. शारदेला नको आहे, एवढं कारण पुरत नाही. पण 'फक्त पुरुषांनी'? ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची, आणि तीत त्यांनी त्या काळच्या कथा-नाटकांतल्या बायकांच्या चित्रणालाही धारेवर धरलंय. काशीबाई कानिटकर तर आपल्या आष्ट्याच्या, जन्म १८६१. शाळा नशिबी नव्हती, लग्नानंतर वाचायला शिकल्या आणि 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. आनंदीबाई जोशींचं चरित्रही त्यांनीच लिहिलं.