उत्तेजनार्थ

माझं वय ४६. काल संध्याकाळी मला कंपासपेटी बक्षीस मिळाली, उत्तेजनार्थ. पेटीवर एक ससा आहे आणि रात्रीपासून तो माझ्याकडे बघून हसतो आहे.

मी प्लॅस्टिकच्या गाड्या बनवतो. खेळण्यातल्या नाही. (हे वाक्य मी झोपेतही बोलतो, असं बायको सांगते.) १:२४ प्रमाणातल्या, म्हणजे खरी गाडी चार मीटरची असेल तर माझी सतरा सेंटीमीटरची. यंदा १९६६ची फोक्सवॅगन बीटल घेतली आणि ती मार्चअखेर सुरू केली, ही माझी अक्कल. नागपुरात मे महिन्यात एअरब्रशमधून निघालेला रंग गाडीवर पोचेस्तोवर हवेतच वाळतो आणि पिठासारखा खरखरीत बसतो. तो २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून काढेपर्यंत पावसाळा लागतो आणि दमट हवेत लॅकरवर पांढरट साय धरते. पुन्हा घासा. इंजिनाच्या चार प्लगच्या वायरी मी तुटक्या इयरफोनमधल्या तांब्याच्या तारांच्या केल्या. त्या कोणाला दिसत नाहीत. मला दिसतात.

काल चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं, म्हणून फोटो काढायला गाडी खाली नेली. सकाळी इतवारीत काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघून आलो होतो, म्हणजे तान्हा पोळा (लहान पोरांचा, लाकडी बैलांचा) आहे हे ठाऊक होतं. आमच्या सोसायटीचा पोळा नेमका माझ्या आवडीच्या भिंतीसमोर भरणार, हे ठाऊक नव्हतं. पंधरा-सोळा पोरं लाकडी नंदी सजवून ओळीत उभी होती. मी भिंतीशी उकिडवा बसलो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सतरा नंबर. नाव सांग."

काका. निवृत्त ओव्हरसियर, स्पर्धेचे परीक्षक, हातात वही, चष्मा कपाळावर. चष्मा खाली ओढून त्यांनी मला ओळखलं, पण सतरा नंबर खोडला नाही.

"हे काय होय बाप्पा?"

"मॉडेल आहे काका. बीटलचं."

"चालते?"

"नाही."

"सेल संपले असतीन."

"सेल नसतातच त्यात."

"मंग चावी देऊन?" त्यांनी गाडी उचलली. माझ्या छातीत काहीतरी हललं. पाच महिन्यांत मी ती हातमोज्यांशिवाय धरली नव्हती आणि काकांच्या बोटांना मघाच्या चिवड्याचं तेल होतं. "बोनेट उघड, इंजिन पाहू दे."

"इंजिन मागे असतं काका."

"मागं डिक्की असते बेटा. तीस वर्सं साइटवर जीपा पाह्यल्या मी."

"हिचं मागेच असतं. डिक्की पुढे."

काकांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. ते नुकसान मोजत होते, गाडीचं नव्हे, माझं. "मंग रेडिएटर?"

"नसतो. हवेवर थंड होतं."

"पानीच टाकत नाही?"

"नाही."

"नागपुरात? मे महिन्यात?" ते पोरांकडे वळले. "आयका रे! बिनपान्याची गाडी हाये!" पोरं हसली. त्यांच्या आया हसल्या. "कुठी भेटते ही?"

"२००३ सालीच बंद झाली, मेक्सिकोत."

"म्हंजे," काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा हिशेब केला, "बंद पडलेल्या गाडीची न चालनारी गाडी. कायले बनवली मंग?"

इथे मला उत्तर सुचायला हवं होतं. आता सुचतं आहे. समोरच्या विंगमधले साहेब अठरा लाखांची गाडी घेऊन रोज सकाळी पाऊण तास पाइप लावून धुतात आणि महिन्यातून दोनदा फुटाळा तलावापर्यंत नेतात. त्यांना कोणी "कायले" विचारत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर रमी खेळणाऱ्याला विचारत नाहीत. दारू न पिता, कोणाकडे उसने न मागता, खोलीचं दार लावून माणूस चिमट्यानं स्टीअरिंग बसवतो, त्याची मात्र चौकशी होते. सासरे तर एकदा बायकोला बाजूला घेऊन विचारत होते, "बाकी तब्येत बरी आहे ना?" आणि ज्या लाकडी नंदींपुढे माझी शोभा झाली, तेही न चालणारे बैलच की! गाड्यांचे हे किट बनवणारी जपानी टामिया १९४६ साली लाकडाची वखार म्हणूनच सुरू झाली, आधी लाकडाचीच मॉडेलं करायची. हे मी काकांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "मंग लाकूड कायले सोडलं? लाकूड पडलं तरी तुटत नाही."

आणि पुरावा म्हणून त्यांनी गाडी भिंतीवर आपटली. अगदी हळू, खरं सांगायचं तर ठेवलीच. पण टक् झालं.

खरा आरसा साधारण दहा सेंटीमीटरचा असतो. चोविसानं भागा: चार मिलीमीटर. तो चिखलात गेला.

"एक आरसाच ना?" काका म्हणाले. "आपल्या इकडं आरशात कोन पाह्यते? लोकं दुमडून ठेवतात." हे खरं आहे, म्हणून जास्त राग आला.

मी गुडघे टेकले. दोन पोरंही टेकली. एकानं नंदीच्या कपाळावरची टिकली सापडवून दिली, एकानं माझाच मोबाइल टॉर्च लावून माझ्याच तोंडावर धरला. वर माइकवर नावं पुकारणं चालू होतं. पहिला नंबर मोराची पिसं लावलेल्या नंदीला. दुसरा बी विंगला. मग खरखर झाली आणि काका म्हणाले, "उत्तेजनार्थ, सतरा नंबर. कुठी गेला बे हा?"

मी उठलो. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना चिखल. टाळ्या भरपूर पडल्या, पहिल्या नंबरापेक्षा जास्त. काकांनी कंपासपेटी दिली आणि वर बोजारा (पोळ्याची ओवाळणी) म्हणून दहाची नोट माझ्या खिशात कोंबली.

घरी आलो. बायकोनं विचारलं, "आरसा सापडला?"

"नाही. कंपास मिळाला."

तिनं उघडून पाहिला. आत कर्कटक नव्हतं.