डॉट मारल्यावर काय काय दिसावं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

कोडमध्ये स्ट्रिंगपुढे (म्हणजे मजकुराच्या तुकड्यापुढे) डॉट मारला की तिच्यावर चालणाऱ्या मेथड्सची, म्हणजे तयार कामांची, यादी दिसते. ही यादी छोटी ठेवा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं असं: स्ट्रिंगसारख्या मूळ टाइपवर (भाषेनेच दिलेल्या डेटाच्या प्रकारावर) मोजक्याच सोयीच्या मेथड्स ठेवा, हा माझा हट्ट म्हणजे निव्वळ सोवळं आहे. एक्स्टेन्शन मेथडने (बाहेर लिहून टाइपला जोडलेल्या मेथडने) मूळ टाइपला धक्का लागत नाही, मग 'ट्रंकेट' (मजकूर ठराविक लांबीला कापणारी), 'इजईमेल' (ईमेल वैध आहे का ते सांगणारी), 'टूस्लग' (मजकुराचं यूआरएलजोगं रूप देणारी) स्ट्रिंगवरच असल्या तर कुणाचं काय बिघडतं? शिवाय माझा ट्रंकेटचा नमुनाच चुकलाय.

नमुना चुकलाय, मान्य. 'लांबी जास्त असेल तर पहिले इतके घे' एवढंच मी लिहिलं होतं. आता 'क्षण' हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं दोन, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात कोडपॉइंट (असे क्रमांक) चार: क, हलन्तचिन्ह, ष, ण. एकवर कापला की माझी मेथड 'क' देते, म्हणजे भलतंच अक्षर. कोडपॉइंट सोडून ग्राफीम क्लस्टर (वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणारे गट) मोजले, तर २०२३ च्या युनिकोड १५.१ आधीच्या नियमांनी 'क्' मिळतो आणि त्यानंतरच्या नियमांनी 'क्ष'. म्हणजे लायब्ररी अपडेट केली की तुमच्या कोडला हात न लावता उत्तर बदलणार! डेटाबेसचा कॉलम बाइटमध्ये मोजणाऱ्याला तर हे काहीच नको असतं, त्याच्या लेखी यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत हा शब्द १२ बाइटचा.

पण माझा मुद्दा यानेच पक्का होतो. स्ट्रिंगवर नुसती 'ट्रंकेट' ठेवली की 'कशात मोजून?' हा प्रश्न वापरणाऱ्याला पडतच नाही. एकक नावातच घातलं तर माझी हरकत नाही.

धक्का लागत नाही, हे अर्धंच खरं. जावास्क्रिप्टचं उदाहरण तुम्ही आधीच बाद केलंत (मूटूल्स या लायब्ररीने अ‍ॅरेवर स्वतःची 'फ्लॅटन' बसवली होती, जुन्या साइट्स मोडू नयेत म्हणून २०१८ मध्ये भाषेतल्या नव्या मेथडचं नाव 'फ्लॅट' करावं लागलं). ते मूळ प्रोटोटाइपलाच, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साच्यालाच, हात घालणं होतं, ठीक. सी शार्प या भाषेत २००७ पासून असलेल्या एक्स्टेन्शन मेथड्स तसं करत नाहीत. तिथला घोळ उलटा आहे: टाइपची स्वतःची मेथड लागू पडत असेल तर कंपाइलर तिलाच निवडतो. उद्या प्लॅटफॉर्मने त्याच नावाची, तेच पॅरामीटर घेणारी मेथड आणली, तर पुढच्या बिल्डपासून तुमची गपचूप बाजूला पडते. एरर नाही, वॉर्निंग नाही. दोघींच्या वागण्यात केसिंगपुरता (लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांपुरता) फरक असला तरी शोधत बसा. कोटलिन भाषेतही मेंबरच (टाइपची स्वतःची मेथडच) जिंकतो, पण निदान इशारा मिळतो.

स्ट्रिंग रिकामी आहे का ते सांगणाऱ्या 'इजब्लँक'ला माझा विरोध नाही, लेखातही नव्हता. अर्थ सगळीकडे एकच, जावाने २०१८ मध्ये ती स्वतःच दिली. तरी तिथेही मोह आवरावा लागतो. रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये 'ब्लँक?' सगळ्याच ऑब्जेक्ट्सवर आहे आणि फॉल्ससुद्धा ब्लँक ठरतो. त्यामुळे बूलियन (हो/नाही) फील्ड 'भरलेलं हवं' असं व्हॅलिडेशन लावलं की 'नाही' असं रीतसर उत्तर देणाऱ्याचा फॉर्म परत येतो. शून्य मात्र ब्लँक नाही. हे तर्काने ओळखता येत नाही, पाठच करावं लागतं.

ईमेलचं थोडक्यात: वैध कशाला म्हणायचं हे तुमचं अ‍ॅप्लिकेशन ठरवतं, स्ट्रिंग नाही. वेगळा टाइप करा, तपासणी त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (त्या टाइपची वस्तू तयार करणाऱ्या कोडमध्ये).

एका बाबतीत मात्र तुम्ही मला पकडलंत. डॉट मारला की यादी समोर येते, युटिलिटी क्लासचं (अशी फुटकळ कामं एकत्र ठेवलेल्या क्लासचं) नाव मात्र आधी ठाऊक असावं लागतं. नव्या माणसाला ते सापडत नाही आणि तो तीच मेथड चौथ्यांदा लिहितो. हे मी लेखात एका ओळीत उडवून लावलं, ते चुकलं. अशा मेथड्स वेगळ्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या गटात) ठेवून लागेल त्याच फाइलमध्ये इम्पोर्ट केल्या तर मलाही चालतील.

ट्रंकेटचा नमुना आज बदलतो. आणि 'टूस्लग' तुमच्याकडे यूआरएल बनवणाऱ्या एकाच फाइलमध्ये लागत असेल, तर ती तिथेच प्रायव्हेट फंक्शन म्हणून राहू द्या की.