प्लेटमधली बुरशी, शेतातली फळकूज: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वांग्याच्या फळकुजीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "काचेच्या प्लेटमध्ये कुठलंही औषध बुरशी मारतं. शेतात ऊन-पाऊस असतो. हे प्रयोग प्रबंधापुरते, आम्हाला काय फवारायचं ते सांगा." शेतात ऊन-पाऊस असतो हे खरंच. पण कुठलंही औषध प्लेटमध्ये चालतं हे मात्र खरं नाही, आणि या चाचणीचा उपयोग नेमका तिथेच आहे.

आगर (बुरशी वाढवायचं जेलीसारखं खाद्य) पातळ असताना त्यात औषध मिसळतात, प्लेट थिजली की मधोमध फोमॉप्सिस या फळकुजीच्या बुरशीची छोटी चकती ठेवतात. शेजारी बिनऔषधाची प्लेट असते. तिच्यात बुरशी 80 मिलिमीटर पसरली आणि औषधाच्या प्लेटमध्ये 20, तर वाढ 75 टक्के रोखली गेली. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची 50 टक्क्यांची भुकटी लिटरला एक ग्रॅम घेतली की 500 पीपीएम (दहा लाख भागांत 500 भाग औषध) होतं, म्हणजे पंपातलीच मात्रा. कार्बेन्डाझिम या मात्रेला प्लेटमध्ये, जिथे बुरशीभोवती सगळीकडे औषधच आहे, तिथेही बुरशी थांबवत नसेल, तर शेतात कशी थांबवेल?

हे घडू शकतं. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीत एकाच ठिकाणी घाव घालतं. तिथल्या जनुकात एक बदल झाला की बुरशी त्याला दाद देत नाही, आणि तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की अशाच बुरशीचं फावतं. शेतात आपण म्हणतो, पावसानं औषध धुतलं, आणि परत तेच फवारतो. खरं कारण प्लेट दाखवते. माझ्या मते एवढ्यासाठी तरी ही चाचणी प्रबंधाबाहेर यायला हवी.

एक गोष्ट मात्र जपून वाचा. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक अशा चाचण्यांच्या निकालांच्या तक्त्यांत बऱ्याचदा खाली दिसतं. ते मुख्यतः बीजाणू (बुरशीचं सूक्ष्म बी) रुजू देत नाही. वाढलेल्या तंतूंवर त्याचा जोर कमी, शिवाय आगरातले सेंद्रिय पदार्थ तांबं बांधून ठेवतात. म्हणून तक्ता पाहून तांबं टाकून देऊ नका. त्याची परीक्षा बीजाणू रुजण्यावर घ्यावी.

आता फवारायचं काय. बाटलीचं नाव मी इथून सांगणार नाही. लेबलवर वांगं आणि हा रोग दोन्ही असतील तेच घ्या, आणि फवारणी ते तोडणीचं अंतर पाळा. वांगी दर थोड्या दिवसांनी तोडली जातात, तिथे हे सर्रास मोडतं. एकाच गटाचं, म्हणजे बुरशीवर एकाच तऱ्हेनं घाव घालणारं औषध लागोपाठ नको. पण हा रोग बियाण्यातून येतो, कुजलेल्या फळांवर आणि पानांवर टिकतो, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. डागी फळांचं बी धरू नका. घरचं बी असेल तर 50 अंशांच्या पाण्यात 30 मिनिटं ठेवून सुकवा. तापमान थर्मामीटरनं बघा, पाणी जास्त तापलं तर उगवण जाते.

तुमच्याकडे फवारूनही फळं कुजत असतील, तर खोलगट तपकिरी डागांवर काळे ठिपके असलेली ताजी फळं कागदात गुंडाळून (प्लॅस्टिकमध्ये नको, दुसऱ्याच बुरश्या चढतात) जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, आणि आजवर काय काय फवारलं ते तारखांसह लिहून द्या.