विशीतली सून आणि सत्तरीतल्या आजी एकाच वर्गात

1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले तेव्हा त्याचा भर 15 ते 35 या वयोगटावर होता. 2022 पासूनच्या ‘उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रमा’त वरची मर्यादा राहिलेली नाही, हे योग्यच झाले. मात्र वयाची अट गेली तरी शिकवण्याची रीत तीच राहिली आहे, असे स्वयंसेवक म्हणून वर्ग घेताना मला वारंवार जाणवते.

सत्तरीतल्या आजींची पहिली अडचण अक्षरांची नसून डोळ्यांची असते. जवळच्या चष्म्याशिवाय त्यांना ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात आणि आपण मात्र त्यांच्या स्मरणशक्तीला बोल लावतो. गणिताचे याच्या नेमके उलट आहे. ‘तीन वीसा आणि वर सात’ असा हिशेब बाजारात उभ्या उभ्या करणाऱ्या बाईला एक ते दहा मणी मोजायला लावणे हा माझ्या मते तिचा अपमान आहे. तिला मोजता येते. सदुसष्ट म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना सहा, तिथे ती अडखळते, तेव्हा वेळ द्यायचा तो तिथे. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’त साठीपुढच्या बायकाच एकत्र बसतात, संकोच गळून पडायला तेवढेही पुष्कळ असते.

चाळिशीतल्या ऊसतोड कामगाराला मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढे उचल किती मांडली आहे, ऊस किती टन धरला आहे आणि किती रक्कम वळती झाली आहे, हे वाचायचे असते. ‘कमळ’ गिरवून घेण्याऐवजी त्याच्याच कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या त्याच्या जोडीचा, हिशेब फळ्यावर मांडला, तर ‘उचल’ आणि ‘बाकी’ हे शब्द तो सहसा विसरत नाही. विशीतल्या सुनेची पाचवीपर्यंत शाळा झालेली असते. तिला मुलाच्या शाळेकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सूचना वाचून उत्तर लिहिता यायला हवे, आणि तेही स्वयंपाक उरकल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात.

चाचणी मात्र सर्वांना एकच, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून 150 गुणांची. राज्यात ती 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी मार्चमध्ये झाली, म्हणजे अनेक ऊसतोड कुटुंबे फडावरून परतलेली नसतात त्या दिवसांत. निदान त्यांचा वर्ग कारखान्याच्या तळावर भरवावा आणि चाचणी पावसाळ्यात, ती गावी असताना घ्यावी, अशी मागणी शिक्षण विभागाकडे आपण सर्वांनी लेखी करायला हवी.