क्रॉसबोचा स्कोप डब्यातून झिरो होऊन येत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

मंगळवारी रात्री नाशिकहून ताईचा फोन आला. तिकडे सकाळ होती. भाचा ओहायोत असतो, त्याने यावर्षी पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीच्या सीझनसाठी क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून ट्रिगरने बाण सोडायचं धनुष्य) घेतलाय आणि ताईला काळजी होती की हे काय नवीन. मी तिला समजावलं, की इथे अमेरिकेत रीतसर लायसन्स काढून, कोर्स करून लोक शिकार करतात, मीही मिशिगनमध्ये नऊ वर्षं करतोय. मग भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मामा टेन्शन नको, सगळं सेट आहे, हा मेसेज वाच." आणि त्याने तो मेसेज पाठवला, जो गेल्या दोन आठवड्यांत मला आणखी तीन ग्रुपवर दिसलाय.

मेसेज थोडक्यात असा. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) फॅक्टरीतूनच झिरो होऊन येतो, म्हणजे नेम धराल तिथेच बाण लागेल असा जुळवलेला, फक्त बसवा. स्कोपच्या स्क्रूचा एक क्लिक म्हणजे पाव इंच, तीन बाणांत काम होतं. बाण सेकंदाला 400 फूट जातो म्हणजे रायफलसारखा सरळ, 20 यार्डला झिरो केलं की 60 पर्यंत स्कोपमधली तीच रेघ धरा. फील्ड पॉइंट (बाणाचं सरावाचं साधं टोक) आणि ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) यांचं वजन सारखं असेल तर वेगळं चेक करायची गरज नाही. ट्रिगरचा अंदाज बाण न लावता दोनचार वेळा ओढून घ्या, बाण वाया जात नाहीत. आणि झाडावरून मारताना अंतर कमी धरा.

आधी ट्रिगरचं बोलतो, कारण भाचा ते लगेच करणार होता. बाण न लावता ताणलेला क्रॉसबो सोडणं याला ड्राय फायर म्हणतात आणि ते कधीच करायचं नाही. दीडशे-दोनशे पाउंडाने ताणलेली ताकद एरवी बाण घेऊन जातो, बाणच नसेल तर ती सगळी धनुष्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत, दोरीत आणि केबलमध्ये परत जाते. पट्ट्या तडकतात, दोरी तुटते, तुकडे तोंडावर येतात. माझ्याकडच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या दोन पानांत ही वॉर्निंग ठळक अक्षरांत आहे. हो, आजकालच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ड्राय फायर अडवणारी कडी असते, ती दोरी पकडते, पण ती चुकून झालं तर वाचवायला आहे, प्रॅक्टिससाठी नाही. ट्रिगर समजून घ्यायचा तर फोमच्या टार्गेटमध्ये बाण मारूनच. आणि पुढचा हात रेलच्या (बाण ठेवायच्या पट्टीच्या) खाली, अंगठा वर आला तर दोरी तो कापून नेते.

फॅक्टरी झिरोचं फार बोलत नाही. डब्यात स्कोप आधीच बसवलेला असतो आणि पहिला बाण टार्गेटवर कुठेतरी लागतो, एवढंच त्यात खरं. कोणता बाण, किती ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप), तुम्ही दोरी कशी ताणता, हे फॅक्टरीला माहीत नसतं. त्यात नवीन दोरी पहिल्या काही डझन बाणांत थोडी ताणली जाते आणि स्कोप धरणाऱ्या माउंटचे स्क्रू धक्क्यांनी सैल होतात, म्हणजे स्वतः केलेलं झिरोसुद्धा सीझनच्या आधी पुन्हा बघावं लागतं.

क्लिकचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवतो. स्कोपवर पाव इंच लिहिलेलं असतं, पण ते 100 यार्डला! क्रॉसबो आपण 20 यार्डला झिरो करतो, तिथे एक क्लिक म्हणजे इंचाचा विसावा भाग. बाण तीन इंच खाली लागला तर 12 क्लिक नाही, साधारण 60 क्लिक फिरवायला लागतात. भाच्याने 12 फिरवले, बाण जेमतेम अर्धा इंच हलला, आणि त्याने ठरवलं की स्कोप खराब आहे, परत करायचा. (काही स्कोपचे क्लिक अर्ध्या इंचाचे असतात, टोपी काढली की आत लिहिलेलं असतं, ते वाचा.) आणि एकेका बाणावर स्क्रू फिरवू नका. बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तीन बाण मारा, तिन्हींच्या मधोमध जी जागा येते ती बघा, मग फिरवा, मग परत तीन. सुरुवात 10 यार्डवरून करा म्हणजे टार्गेट चुकून बाण हरवणार नाहीत. तिन्ही बाण वेगवेगळ्या ठिपक्यांवर मारा (आणि प्रत्येक आपापल्या ठिपक्यापासून किती हटला त्याची सरासरी धरा), नाहीतर एक बाण दुसऱ्याची शेपटी फोडतो. आणि दोरी हाताने नको, दोरखंडाच्या कॉकरने (दोरी ताणायच्या साधनाने) ताणा, ताकद निम्मी लागते आणि दोरी मधोमध बसते. एका बाजूला जास्त ओढली गेली की बाण डावी-उजवीकडे जातात आणि लोक बिचाऱ्या स्कोपला दोष देतात.

आता रायफलचा मुद्दा. हा सगळ्यात वाईट, कारण याची किंमत जनावर मोजतं. हरणावर चालवायच्या रायफलची गोळी सेकंदाला 2,700-2,800 फूट जाते, 400 म्हणजे तिच्या सातव्या हिश्श्याइतका वेग. साधं शाळेतलं गणित करा. 20 यार्ड म्हणजे 60 फूट, बाणाला 0.15 सेकंद लागतात, तेवढ्यात तो सव्वाचार इंच पडतो. 40 यार्डला 0.3 सेकंद, पडतो 17 इंच. 60 ला 0.45 सेकंद आणि 39 इंच. हे हवेचा अडथळा न धरता, तो धरला तर आणखी. 20 ला झिरो करून तीच रेघ धरली तर बाण 40 ला सहाएक इंच खाली लागतो, 50 ला साधारण बारा, आणि 60 ला जवळपास वीस इंच. व्हाइटटेल हरणाचा हृदय-फुप्फुसाचा भाग आठ ते दहा इंचांचा असतो, म्हणजे मध्यापासून चार-पाच इंच खाली गेला की संपलं. तुम्ही फुप्फुसावर धरलंय आणि बाण जातोय पायात किंवा पोटाखालून.

याचसाठी क्रॉसबोच्या स्कोपमध्ये एकाखाली एक रेघा असतात. सगळ्यात वरची 20 ची, मग 30, 40, 50. बऱ्याच स्कोपला मागे एक रिंग असते, तिच्यावर 300, 350, 400 असे वेगाचे आकडे असतात. ती रिंग म्हणजे झूमच आहे, झूम वाढलं की रेघांमधलं अंतर बाणाच्या हिशोबाने कमी होतं. डब्यावर जो वेग छापलेला असतो तो हलक्या बाणाचा असतो, तुमचा बाण जड असेल तर वेग कमी. म्हणून 20 ला पक्कं झिरो करा, मग 40 च्या रेघेने 40 यार्डला तीन बाण मारा. खाली लागले तर रिंग कमी आकड्याकडे, वर लागले तर जास्त आकड्याकडे. टरेटला (क्लिक फिरवायच्या त्या स्क्रूला) हात लावायचा नाही, त्याने 20 चं बिघडतं. हे एवढं काम एका ओळीत मावत नाही म्हणून त्या मेसेजमध्ये सोडून दिलंय.

आणि रेघ बरोबर धरली तरी हरीण उभं राहायला हवं ना. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास जातो, 40 यार्डवर दोरीचा आवाज 0.11 सेकंदात पोचतो, बाण 0.3 ला. मधल्या वेळात दचकलेलं हरीण पळायच्या तयारीत खाली वाकतं आणि बाण पाठीवरून जातो किंवा नको तिथे लागतो. 60 ला त्याला आणखी वेळ मिळतो. मी स्वतः 35 च्या पुढे मारत नाही, कोणी काही म्हणो.

ज्यांना वाटतं मी उगाच घाबरवतोय त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. मेरीलंडमध्ये इंडियन हेड नावाचा नौदलाचा तळ आहे, तिथे 1989 ते 2006 पर्यंत धनुष्य आणि क्रॉसबोने झालेल्या शिकारीच्या नोंदी ठेवल्या आणि 2008 मध्ये त्यावर पेपर आला. 908 हरणांना बाण लागला, त्यातली 162 सापडलीच नाहीत. जवळजवळ 18 टक्के. आणि ही माणसं कोर्स केलेली, नेमबाजीची परीक्षा पास झालेली होती! परीक्षा पास होऊन शंभरातली अठरा हातची जात असतील तर मेसेज वाचून गेलेल्याची किती जातील ते ज्याने त्याने बघावं.

ब्रॉडहेडचं मात्र मी स्वतः भोगलंय. दुसऱ्या वर्षी फील्ड पॉइंटवर मस्त झिरो केलं होतं, 100 ग्रेनचा फील्ड पॉइंट आणि 100 ग्रेनचं ब्रॉडहेड, दोन्ही सारखंच असं मलाही सांगितलं होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात 30 यार्डवर मादी आडवी उभी, वारा नाही, मी घाई केली नाही. बाण मागे लागला. खाली उतरून बाण बघितला तर त्याला हिरवट घाण आणि वास, म्हणजे पोटात. थांबलो, सहा तासांनी मित्राला घेऊन माग काढला, टॉर्चच्या उजेडात पानापानावर रक्ताचे थेंब शोधत रात्री दोनपर्यंत ओढ्यापर्यंत गेलो, तिथे माग संपला. दुसऱ्या दिवशीही नाही सापडली. घरी येऊन तेच ब्रॉडहेड टार्गेटवर मारलं तर 30 ला पाच इंच डावीकडे. फिक्स पात्यांचं ब्रॉडहेड हवेत स्वतःच पंखासारखं वागतं, वजन सारखं असून काय उपयोग? उघडणाऱ्या पात्यांचं फील्ड पॉइंटच्या जवळ जातं हे मान्य, पण तेही आपल्या धनुष्यावर मारून बघितल्याशिवाय जंगलात न्यायचं नाही. त्यासाठी ब्रॉडहेड चालणारं फोमचं टार्गेट लागतं, पिशवीचं टार्गेट त्याने फाटतं.

झाडावरून मारताना अंतर कमी धरा, हे तत्त्व बरोबर आहे, मान्य करतो. बाण किती पडणार ते आडव्या अंतरावर ठरतं. पण 20 फुटांवरच्या स्टँडमधून (झाडावरच्या मचाणातून) 20 यार्डावरचं हरीण तिरक्या मोजणीत 21 यार्ड भरतं, फरक एका यार्डाचा. त्यासाठी रेघ बदलायची गरज नाही, हरीण अगदी झाडाखाली आलं असेल तर विचार करा. त्यापेक्षा धनुष्य एका बाजूला कललंय का ते बघा, स्टँडमध्ये वळून बसलं की ते हमखास कलतं आणि बाण त्या बाजूला जातो.

आणि भारतातल्या ग्रुपवर हा मेसेज फिरवणाऱ्यांना एवढंच, की तिथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार गुन्हा आहे, क्रॉसबो असो की काहीही.

ओहायोत सीझन सप्टेंबरच्या शेवटी उघडतो, आमच्याकडे 1 ऑक्टोबरला. भाचा या शनिवारी गाडी काढून माझ्याकडे येतोय. सहाही बाणांच्या पिसांवर मार्करने नंबर घालून आण म्हटलंय, म्हणजे नेहमी बाहेर जाणारा एखादा बाण असेल तर तो कोणता ते कळेल आणि त्याला फक्त प्रॅक्टिसला ठेवता येईल. ब्रॉडहेडची पाकिटं न फोडता आणायची, आणि स्कोप परत करायचा फॉर्म भरला असेल तर तो रद्द करायचा.