निपाणीच्या काकांना उत्तर: तुमचं इंजिन मेलेलं नाही

काका, नमस्कार. ट्राय-अँग या इंग्लिश कंपनीच्या 'जिंटी' या जुन्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाची मोटार उघडून साफ केली, त्यावर मी लिहिलं होतं. तुम्ही निपाणीहून चांगली लांबलचक आणि सडेतोड प्रतिक्रिया दिलीत. वय पंचाहत्तर सांगितलंत म्हणून काका म्हणतोय, राग नसावा.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. साठ-सत्तर वर्षांची वस्तू जशी आली तशीच ठेवावी, एकदा उघडली की तिचं अस्सलपण गेलं. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर करून घेतलेला स्क्रू बसवणं ही भेसळ आहे. आणि बेळगावच्या माणसाने इंग्रजांची इंजिनं कुरवाळण्यापेक्षा आपल्या मीटरगेजकडे बघावं. वर त्यांनी घरची हकीकत दिली आहे. वडिलांनी गोवा मुक्त होण्याआधी मडगावहून आणलेलं हॉर्नबी डब्लो या इंग्लिश खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन, '१९३८ सालचं'. शेजारच्या मुलाच्या रुळांवर ठेवून पाहिलं तर ठिणगी उडाली आणि त्या पोराचा रुळांना वीज देणारा कंट्रोलर बंद पडला. तेव्हापासून इंजिन काचेच्या कपाटात. दर खंडेनवमीला बाहेर काढायचं, गंज सोडवायचा स्प्रे मारायचा, हळदकुंकू लावायचं आणि परत जागेवर. "यंत्राची पूजा करावी, पोस्टमॉर्टेम नव्हे," हे तुमचं वाक्य मला आवडलं. पटलं नाही, ते वेगळं.

आधी ठिणगीचं बघू. १९३८ साली बाजारात आल्यापासून १९५९ पर्यंत डब्लोची विजेची गाडी तीन रुळांवरच चालायची. वीज मधल्या रुळातून येते, इंजिनाच्या पोटाखालचे चपटे कलेक्टर त्या रुळावर घासत ती घेतात, आणि मोटारीतून फिरून ती बाहेरच्या रुळांतून परत जाते. बाहेरचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे, त्यामुळे डावं चाक उजव्यापासून तोडून ठेवायची कंपनीला गरजच नव्हती. चाक धातूचं, आस धातूचा, सगळं एकमेकांना जोडलेलं. शेजारच्या मुलाचे रूळ मात्र आजचे, दोनच: एक प्लस, एक मायनस. तुमचं इंजिन त्यावर ठेवलंत तेव्हा एका चाकातून आसात आणि आसातून दुसऱ्या चाकात असा दोन रुळांमध्ये सरळ पूल बांधला गेला. शॉर्ट झाला, ठिणगी उडाली, कंट्रोलरने हात वर केले. मोटारीला मात्र यातलं काही कळलंसुद्धा नाही, कारण तिला वीज देणारा मधला रूळच तिथे नव्हता. 'मेलं' म्हणून इतकी वर्षं ज्याला कपाटात बसवलंत, त्याची परीक्षा अजून झालेलीच नाही.

आता साल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत काळं टँक इंजिन आहे, ०-६-२ चाकांचं (मधे सहा चालती चाकं, मागे दोन), नंबर ६९५६७, आणि बाजूला चाकावर उभा सिंह. हा सिंह ब्रिटिश रेल्वेजचा. ब्रिटनमधल्या खासगी कंपन्या एकत्र करून ब्रिटिश रेल्वेज झाली १ जानेवारी १९४८ ला. जी संस्था जन्माला यायला दहा वर्षं होती, तिचं चिन्ह १९३८ च्या इंजिनावर कुठून येणार? हे मॉडेल या रंगात १९५३ च्या सुमाराचं. डब्लो १९३८ ला सुरू झालं हे कुणीतरी वडिलांना सांगितलं असेल, तेच घरात टिकलं असेल. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, उलट ही चांगली बातमी आहे.

चांगली कशी, ते सांगतो, आणि तिथेच तुमच्या मुख्य मुद्द्यालाही येतो. 'हात न लावता ठेवलं की जसंच्या तसं राहतं' हे गृहीतच मला मान्य नाही. या इंजिनांचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, मॅझॅकचं. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, वितळवून दाबाने साच्यात भरायचं. जस्त अगदी शुद्ध लागतं. त्यात शिशाचा अंश राहिला तर धातूच्या कणाकणांमधल्या सीमेवर आतून गंज धरतो, भाग फुगतो, वाकडा होतो, बारीक चिरा पडतात आणि एक दिवस बोटाने चेपला तरी चुरा होतो. युद्धाआधीच्या बऱ्याच ओतकामाला हा रोग आहे. हवेतला ओलावा आणि उष्णता त्याला खतपाणी घालतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ओलावा किती असतो हे मी निपाणीच्या माणसाला सांगायला नको. यावर औषध नाही. काचेचं दार तर नाहीच नाही, बंद कपाटात पावसाळ्याची दमट हवा उलट कोंडून राहते. तुमचं इंजिन १९३८ चं असतं तर मी आधी भिंग घेऊन चिरा शोधायला लावल्या असत्या. पन्नासच्या दशकातलं आहे म्हणून धास्ती बरीच कमी. तरी एकदा बघाच.

दुसरी गोष्ट तेलाची. बेअरिंगमधलं जुनं तेल एकदम वाळत नाही, आधी काकवीसारखं घट्ट होतं आणि मग सुकून तपकिरी लाखेसारखं बसतं. अशा मोटारीला एकदम बारा व्होल्ट दिले की ती फिरत नाही, नुसती करंट ओढते, तापते, आणि आर्मेचरच्या, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाच्या, तारेवरचं वार्निश जळतं. न उघडता ठेवलेली इंजिनं बहुतेक याच मार्गाने जातात. कपाटात असताना नाही, तर नातू आला म्हणून 'जरा चालवून बघू' म्हटलं त्या दिवशी.

माझ्या जिंटीचं नेमकं काय झालं होतं ते मूळ लेखात मी भरभर उरकलं, म्हणून कदाचित तुम्हाला वाटलं असेल की मी हौसेने सगळं उचकटलं. तिच्यात एक्स-०-४ मोटार आहे. साधी, उघडी, तीन पोलची. शाफ्टच्या दोन्ही टोकांना बेअरिंगपाशी फेल्टच्या बारक्या चकत्या बसवलेल्या असतात, तेल धरून ठेवायला. म्हणजे कारखान्यानेच तेल घालायची सोय करून दिली आहे. त्या चकत्या पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या होत्या. ब्रश म्हणजे कार्बनचे छोटे ठोकळे, ते आर्मेचरच्या टोकावरच्या कम्युटेटरवर घासत त्याला वीज देतात. त्या कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांमधल्या फटी ब्रशच्या काळ्या भुकटीने बुजल्या होत्या. पण मोटार मुळीच न फिरण्याचं कारण वेगळंच निघालं. दोन्ही ब्रश एकाच स्प्रिंगने दाबलेले असतात आणि स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते, कारण एक ब्रश चासीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला आणि दुसरा नाही. ती नळी कधीतरी तुटून पडली होती. स्प्रिंग दोन्हीकडे टेकली की सगळा करंट मोटारीला टाळून चासीत. मी काय केलं? पातळ वायरचं साल काढलं आणि तेवढा तुकडा स्प्रिंगच्या पायावर सरकवला. फटी लाकडी टूथपिकने कोरल्या, कम्युटेटर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावलेल्या कापसाने पुसला (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं), फेल्टला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. बाहेरच्या रंगाला बोटसुद्धा लावलेलं नाही. मॅग्नेटही काढला नाही, कारण या जुन्या मॅग्नेटना लोखंडी पट्टीचा आधार न देता पोल-पीसमधून (त्याला लागून असलेल्या लोखंडी तुकड्यांमधून) ओढून काढलं की त्यांची ताकद घटते, आणि मग आपल्याकडे स्कूटरचे मॅग्नेट चार्ज करणारा शोधत फिरा.

ब्रश मात्र मी नवे मागवले. 'मिक्सरचा कार्बन घासून बसव की' असा सल्ला इथे प्रत्येक जण देतो. मिक्सर २३० व्होल्टवर चालतो, त्याचा कार्बन तसा कडक आणि जास्त रोधाचा असतो. बारा व्होल्टच्या मोटारीला तांबं मिसळलेला ब्रश लागतो, नाहीतर ती कुंथते आणि कम्युटेटर खाते. मूळचे झिजलेले ब्रश फेकलेले नाहीत. छोट्या पिशवीत घालून इंजिनाच्या पेटीत ठेवलेत, काय आणि का बदललं याची चिठ्ठीही सोबत आहे. ब्रश, स्प्रिंग, तेल ही झिजण्यासाठीच असलेली मंडळी. कंपन्या हे भाग सुटे विकत होत्या ते उगाच नाही. बदललेलं पुढच्या माणसाला कळलं पाहिजे आणि मनात आलं तर परत पूर्वीसारखं करता आलं पाहिजे, मी एवढंच पाळतो. भेसळ म्हणजे लपवून केलेली. इथे सगळं चिठ्ठीवर आहे.

स्क्रूचंही तसंच. बॉडी धरून ठेवणारा स्क्रू माझ्या आधी कुणीतरी हरवला होता आणि तिथे जवळच्या मापाचा मेट्रिक स्क्रू पिळून घातला होता. त्या काळच्या इंग्लिश बारीक स्क्रूंचे आटे बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे. सहा नंबरचा बीए म्हणजे बाहेरून २.८ मिलिमीटर आणि आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. मेट्रिकचा साठ. असा स्क्रू मॅझॅकमध्ये पिळला की तो भोकातले मऊ आटे कापत जातो. खरं नुकसान त्या 'जमवून घेतलेल्या' स्क्रूने केलं होतं. मी उद्यमबागेत गेलो. तिथे फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिकचे भाग घडवणारे आहेत, आणि मी नखाएवढ्या स्क्रूसाठी उभा. टर्नर म्हणाला, "एवढ्याला सेटिंग लावू काय मी?" मग भिंगातून आटे बघितले आणि स्वतःच खुर्ची ओढून बसला. पितळी स्क्रू करून दिला, पैसे घ्यायला तयार नव्हता. त्याच्या डोक्यावर मी पंचने एक ठिपका मारून ठेवलाय, म्हणजे हा नंतरचा हे ओळखू येईल.

तुमच्या खंडेनवमीवरून आठवलं. याच उद्यमबागेत त्या दिवशी हार घालण्याआधी काय चालतं हे तुम्ही पाहिलं असेलच. मशीन बंद, चिप्स काढल्या, पुसून लख्ख, स्लाइडवे वर नवं तेल, मगच हळदकुंकू. सर्व्हिसिंग झालेल्या यंत्राचीच पूजा होते तिथे. तेव्हा पूजा की दुरुस्ती असं भांडण निदान आपल्या भागात तरी लावू नका.

तुमच्या पद्धतीत मला दोन गोष्टी खटकतात, त्या मात्र स्पष्टच सांगतो. तो स्प्रे वंगण नव्हे. उडून गेल्यावर त्याचा चिकट थर मागे राहतो, धूळ धरतो, आणि कम्युटेटरपर्यंत गेला तर ब्रशच्या भुकटीत मिसळून चिखल होतो. आणि ओलं कुंकू त्या सिंहाच्या जवळपासही नको. ते चिन्ह म्हणजे नुसतं ट्रान्सफर, वरून चिकटवलेलं पातळ छापील चित्र आहे. ओल्या बोटाने आणि नंतरच्या पुसण्याने ते दरवर्षी थोडं थोडं जातं. रंग आणि अक्षरं यांच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षाही कर्मठ आहे. इंजिन नव्यासारखं दिसावं म्हणून पुन्हा रंग मारणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. खरवडलेला रंग खरवडलेलाच राहू दे. कुंकू लावायचंच तर रुळाला लावा.

मीटरगेजचं म्हणाल तर मलाही हळहळ आहे. आपल्या स्टेशनातून मीटरगेज गेलं नव्वदच्या दशकात, आणि वायपी, वायजीची वाफेची इंजिनं त्याच्याही आधी. पण त्यांची जुनी कारखान्यातली मॉडेलं दुरुस्तीला येणार कुठून? एचओ मापात (खऱ्याच्या १:८७) मीटरगेजला १२ मिलिमीटरचे रूळ लागतात आणि आपलं इंजिन पत्रा कापण्यापासून स्वतः घडवावं लागतं. ते काम फार मोठं आणि फार वेगळं. छोटी रेल्वे बघायची हौस असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, नातवाला घेऊन जाऊन या. मी दुरुस्तीवाला माणूस आहे, जे समोर येतं ते उघडतो.

आता तुमच्या इंजिनाचं. चाकं हाताने ढकलून फिरतात का ते बघू नका. आत वर्म गिअर आहे, तो उलटा फिरत नाही, जोर केलात तर दात जातील. बॉडी उतरवता आली तर आर्मेचर बोटाने हळूच फिरवा. फिरत नसेल तर तिथेच थांबा. जुना कंट्रोलर सापडला तरी सॉकेटला लावू नका. आतल्या वायरचं रबर आतापर्यंत कडक होऊन तडकलं असणार, आणि त्याच्या एका टोकाला घरातली वीज आहे. मला वाटतं पाऊस सरला की बेळगावला घेऊन या. मी तीन रुळांचा एक तुकडा जमवून ठेवलाय. उघडायचं की नाही ते तुमच्यासमोर, तुम्ही हो म्हणालात तरच. वाटेत स्पंजात गुंडाळू नका, जुना स्पंज रंगाला चिकटतो. सुती कापड पुरे. आणि मूळची पुठ्ठ्याची पेटी माळ्यावर असेल तर तीही शोधा, कशीही फाटकी असली तरी. त्या काळच्या बऱ्याच पेट्यांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत छपाईचा कोड असतो, त्यात महिना आणि वर्ष येतं. १९५३ की त्यानंतरचं, हा वाद तिथेच मिटेल.