पंक, नारायण पेठ

पंक रॉकची मोठी सोय म्हणजे वाजवता यायलाच हवं अशी अट नाही. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडने १९७७ साली बेस गिटारवर सिड व्हिशसला घेतलं, तेव्हा त्याला बेस जेमतेमच येत होता. हे कळलं आणि माझी लायकी नि जगाची गरज पहिल्यांदाच जुळताना दिसली. विशारदच्या परीक्षेसाठी पहाटे रियाझ करणाऱ्या चुलतबहिणीची कीवच आली.

आमचं दैवत मात्र रामोन्स. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली चार पोरं. १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी, सगळी मिळून २९ मिनिटं. तेवढ्यात आपल्याकडे तानपुरे जुळतात. नात्यागोत्याचे नसूनही चौघांनी 'रामोन' हे एकच आडनाव लावलेलं. आम्हीही तसंच ठरवलं आणि कोणाचं आडनाव घ्यायचं यावरून पहिल्याच बैठकीत बँड फुटायला आला. अखेर 'जोशी' ठरलं; तालमीची खोली जोश्यांची आणि पोहेही जोशीकाकूंचे.

जॉनी रामोन गिटारवर हात फक्त वरून खाली मारायचा, अखंड. करून बघा एकदा. दुसऱ्या गाण्यात माझं मनगट आखडायचं, तिसऱ्यात मी नुसता ओरडायचो.

पण पंकला कोणीतरी चिडावं लागतं. पिस्टल्सचं गाणं वाजवायला बीबीसीने नकार दिला होता. आम्हाला वाड्याची जागा घेतलेल्या त्या इमारतीत साधी तक्रारही मिळेना. आषाढ सरत आलेला, नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळूनही आमचा विद्रोह जिन्याखाली उतरत नव्हता. शेवटी एकदाचे वरच्या मजल्यावरचे आजोबा दारात उभे राहिले. आता शिव्या बसणार, म्हणून आम्ही सुखावलो.

"थांबलात का रे?" ते म्हणाले. "तुमचं चालू असलं की तो ढोल जरा कमी ऐकू येतो."

मागोमाग सोसायटीचे खजिनदार आले. "तुमचं एक गाणं किती वेळ चालतं?"

"दोन मिनिटं."

"उत्तम. मग गणपतीत आरत्या तुम्हीच घ्या. दरवर्षी मोदक गार होतात."

मंत्रपुष्पांजलीसकट सगळं आम्ही वरून खाली हात मारत उरकलं. मोदकातून वाफ येत होती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सोसायटीची सुपारी आली. आजोबा झांजा घेऊन बँडमध्ये दाखल झाले. जोशी व्हायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. पेन्शन गोखले नावावर येते, म्हणाले.